एका अंशाचे सोळा आणे



समोरच्या टेबलावर एक थर्मास ठेवला आहे. निघताना त्यात बर्फ कुटून भरला आणि मधल्या फटी भरतील एवढंच पाणी वर ओतलं. झाकणाला भोक पाडून एक वायर आत सोडली आहे. व्याख्यान संपेपर्यंत तो असाच राहू द्यायचा आहे, म्हणून पहिल्या रांगेतल्या मुलांना विनंती की त्याला हात लावू नका.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्या सरांची आणि माझी पहिली भेट शाळेत झाली नाही, त्यांच्या घराच्या ओसरीवर झाली. शाळा सुटल्यावर ते रेडिओ दुरुस्त करत. मी सातवीत होतो आणि घरचा ट्रान्झिस्टर घेऊन गेलो होतो. तक्रार अशी होती की सकाळी तो स्वच्छ वाजायचा आणि उन्हाळ्यात भर दुपारी आवाज फाटायचा. सरांनी मागचं झाकण काढलं, रेडिओ चालूच ठेवला आणि आतल्या एका बारक्या धातूच्या टोपीला बोट लावलं. मग माझं बोट धरून तिथे टेकवलं. चटका बसला. सर म्हणाले, "हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर. तापला की जास्त करंट ओढतो, जास्त करंट ओढला की आणखी तापतो. आवरला नाही तर स्वतःलाच जाळून घेईल." त्यांनी त्याला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक पट्टी गुंडाळली, शेजारचा एक रेझिस्टन्स बदलला आणि रेडिओ परत दिला.

उष्णता हा इलेक्ट्रॉनिक्सचा शत्रू, हे त्या चटक्याने मनात पक्कं बसलं. पुढे मी उपकरणशास्त्र शिकलो. शीतगृहं, द्राक्षांची पॅकहाउस, दवाखान्यांतले लसींचे फ्रीज यांत तापमानाची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. त्या कामात हळूहळू उमगलं की ज्या खोडीने आमचा रेडिओ बिघडवला, तीच खोड मी रोज वापरतोय. सेमीकंडक्टरला उष्णता सोसत नाही, आणि सोसत नाही म्हणूनच त्याला ती कळते. आज याच खोडीची गोष्ट सांगायची आहे.

ही पाहा ती वस्तू. काळी, तीन पायांची, एका बाजूने चपटी, साधारण हरभऱ्याएवढी. हिचं नाव डीएस१८बी२०. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलस सेमीकंडक्टर या कंपनीने ती काढली. ही कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हाइसेसकडे गेली. मालक दोनदा बदलले, तरी कामातली माणसं अजून हिला 'डॅलसचा सेन्सर' म्हणतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सहज मिळते.

पडद्यावर आकडा दिसतोय, २८.४३७५. आता ही चिप मी चिमटीत धरतो. २८.५६२५. २९. २९.६८७५. तीस ओलांडलं. थोडं थांबू. बत्तिसाच्या पुढे गती मंदावते आहे. आता सोडतो. बघा, चढताना जेवढी घाई होती तेवढी उतरताना नाही, कारण माझी बोटं ज्या वेगाने उष्णता देत होती, त्यापेक्षा भोवतालची हवा ती फार हळू घेते.

हा आकडा कशाचा होता? मघाशी खोलीचा आणि नंतर माझ्या बोटांचा, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर दोन्ही वेळा तो चिपचाच होता. काळ्या प्लास्टिकच्या आत सिलिकॉनचा एक तुकडा आहे आणि त्याला स्वतःच्या तापमानापलीकडे काहीही ठाऊक नाही. हे एवढं वाक्य घेऊन घरी गेलात तरी माझं येणं सार्थकी लागेल. मात्र आधी हा तुकडा स्वतःचं तापमान जाणतो कसं, ते पाहू.

सिलिकॉनच्या पी-एन जोडातून थोडा करंट सोडला की त्या जोडावर सुमारे ०.६ व्होल्ट दाब दिसतो. करंट तेवढाच ठेवून तुकडा तापवला तर हा दाब उतरतो, दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट. मग हा उतार मोजला की झालं, असं वाटेल. पण अडचण अशी की एकाच तबकडीवर शेजारी शेजारी घडवलेल्या दोन जोडांचा दाबही अगदी एकसारखा नसतो. कुठे अशुद्धीचं प्रमाण कणभर जास्त, कुठे आकार किंचित लहान. या जोडाने ०.६०१ व्होल्ट दाखवले, तर तो खरंच गार आहे की जन्मतःच तसा आहे, हे कसं ओळखायचं?

यावरचा उपाय मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. एक जोड न घेता दोन जुळे जोड घ्यायचे आणि एकातून दुसऱ्याच्या आठपट करंट सोडायचा. आता दोन्हींचा दाब वेगवेगळा न मोजता फक्त त्यांतला फरक मोजायचा. जन्माची खोड दोघांत सारखी असल्यामुळे वजाबाकीत ती निघून जाते. जो फरक उरतो तो केवळ तीन गोष्टींवर ठरतो: करंटचं गुणोत्तर, निरपेक्ष तापमान आणि निसर्गाचे दोन स्थिरांक, म्हणजे बोल्ट्झमानचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार. आठपट करंट असेल तर हा फरक दर अंशाला सुमारे १७९ मायक्रोव्होल्ट येतो. २७ अंश सेल्सियसला, म्हणजे जवळजवळ ३०० केल्विनला, सुमारे ५४ मिलिव्होल्ट. चिप कोणत्या देशात घडली, कोणत्या साली घडली, तुकडा केवढा आहे, यातल्या कशानेही हा आकडा बदलत नाही.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. २० मे २०१९ पर्यंत तापमानाचं एकक, केल्विन, पाण्याच्या त्रिबिंदूवरून ठरवलेलं होतं. बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ती स्थिती २७३.१६ केल्विन, अशी ती व्याख्या. त्या दिवसापासून व्याख्या बदलली. बोल्ट्झमानचा स्थिरांक एका नेमक्या आकड्याला कायमचा बांधला गेला आणि केल्विन त्यावरून ठरू लागला. इलेक्ट्रॉनवरच्या भाराचा आकडाही त्याच दिवशी बांधला गेला. या दोन स्थिरांकांचं गुणोत्तर वापरूनच आपली हरभऱ्याएवढी चिप तापमान सांगते. भाजीपाल्याच्या शीतगृहात लटकलेल्या वस्तूचं नातं थेट मोजमापाच्या मुळाशी जाऊन भिडावं, याचा मला आजही आनंद होतो.

तर ५४ मिलिव्होल्ट हाती आले. पण मोजायला माप हवं, आणि मापच उन्हाने लांब-आखूड होत असेल तर काय उपयोग? चिपच्या आत असा एक दाब लागतो जो गरमीत आणि थंडीत तोच राहील. तो कुठून आणायचा? पुन्हा त्याच जोडांकडून. एकट्या जोडाचा दाब दर अंशाला २ मिलिव्होल्टने उतरतो, दोघांतला फरक १७९ मायक्रोव्होल्टने चढतो. हा फरक साधारण अकरापट केला की चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. ६०० मिलिव्होल्ट आणि ५४ ची अकरापट, म्हणजे ५९४. बेरीज जवळजवळ १.२ व्होल्ट, आणि ती तापमानाबरोबर हलत नाही. या मंडळाला बँडगॅप रेफरन्स म्हणतात, कारण १.२ व्होल्टचा हा आकडा सिलिकॉनच्या ऊर्जाफटीशी निगडित आहे. फेअरचाइल्डच्या डेव्हिड हिल्बिबरने १९६४ मध्ये ही कल्पना मांडली. नॅशनल सेमीकंडक्टरच्या बॉब विडलरने १९७१ मध्ये ती चिपवर उतरवून दाखवली. पॉल ब्रोकॉने १९७४ मध्ये दिलेली मांडणी आजही पाठ्यपुस्तकांत शिकवतात. उष्णतेने बिघडणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करून न बिघडणारी तिसरी मिळवायची, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला त्या रात्री झोप लागली असेल का, असं माझ्या मनात नेहमी येतं.

आता चढता दाब आहे आणि स्थिर मापही आहे. त्यांचं गुणोत्तर आकड्यात आणायचं. अशा बहुतेक चिपमध्ये हे काम ज्या पद्धतीने होतं तिला सिग्मा-डेल्टा म्हणतात. नाव मोठं आहे, गोष्ट घरातली आहे. परसात एक रांजण आहे आणि त्यात नळाची बारीक धार पडते आहे. रांजणावर एक खूण केलेली आहे. ठरावीक वेळाने बघायचं, पाणी खुणेच्या वर गेलं असेल तर एक तांब्या उपसायचा, नसेल तर थांबायचं. तासाभरात किती तांबे उपसले ते मोजलं की धार केवढी होती ते कळतं. धार म्हणजे तापमानाचा दाब, तांब्या म्हणजे आपलं स्थिर माप. चिपच्या आत हे उपसणं सेकंदाला हजारो वेळा चालतं, आणि उपसलं की एक, थांबलं की शून्य, अशी माळ तयार होते. माळेतल्या एकांचं प्रमाण म्हणजे उत्तर. जितका जास्त वेळ मोजाल तितकं उत्तर बारीक.

किती बारीक? या चिपला चार प्रकारे मोजायला सांगता येतं. नऊ बिटांत अर्धा अंश, दहा बिटांत पाव, अकरा बिटांत एक अष्टमांश आणि बारा बिटांत एक षोडशांश. सभागृहातल्या ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर मला ओळख दिसते आहे. १९५७ पर्यंत आपला रुपया असाच मोडला जायचा. अधेली, पावली, चवली आणि आणा. या चिपचा अंश अजून सोळा आण्यांचा आहे. मघाचा २८.४३७५ हा आकडा विद्यार्थ्यांना विचित्र वाटला असेल, पण तो अठ्ठावीस अंश सात आणे एवढा सरळ आहे. आणि किमतीचा हिशेबही रोख आहे. अधेलीपर्यंत मोजायला सुमारे ९४ मिलिसेकंद लागतात, पावलीला १८८, चवलीला ३७५, आण्याला ७५०. दर पायरीला वेळ दुप्पट. आठपट करंटच्या जोडांच्या हिशेबाने एक आणा म्हणजे ११ मायक्रोव्होल्ट. एवढासा फरक ओळखायचा तर जुळे जोड खरोखर जुळे असले पाहिजेत आणि आठपट म्हणजे आठपटच असली पाहिजे. कारखान्यात तेवढी अचूकता साधत नाही. म्हणून काही चिपमध्ये कालव्याच्या पाण्यासारखी पाळी लावतात. करंटचे नऊ सारखे स्रोत घ्यायचे, आठ एकीकडे आणि एक दुसरीकडे, आणि तो एकटा कोण हे दर वेळी बदलत राहायचं. सगळ्यांची पाळी फिरली की प्रत्येकाची चूक सरासरीत विरते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात मिकिएल पर्टाइस, कोफी माकिन्वा आणि योहान हाउसिंग यांनी अशा युक्त्या एकत्र आणून २००५ मध्ये उणे ५५ ते १२५ अंशांच्या सगळ्या पट्ट्यात अंशाच्या दहाव्या भागापर्यंत खरी राहणारी चिप करून दाखवली.

आपली डॅलसची चिप मात्र तेवढं वचन देत नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान ती अर्ध्या अंशापर्यंत इकडेतिकडे असू शकते, असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. म्हणजे दाखवते आणा, पण हमी देते आठ आण्यांची. दशांशचिन्हापुढचे चार आकडे पाहून लोक भारावतात. मी अहवालांत ते चारही आकडे छापलेले पाहिले आहेत आणि दर वेळी मला त्रास झाला आहे. बारीक दिसणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शून्याखालच्या तापमानाचीही एक गंमत आहे. चिप सोळा बिटांचा आकडा पाठवते. जुन्या गाड्यांच्या फिरत्या चाकांच्या मीटरवर सगळी शून्यं असताना गाडी थोडी मागे घेतली तर सगळे नऊ येतील. तसं इथे शून्याच्या एक आणा खाली गेलं की सोळाच्या सोळा बिट एक होतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला हे ठाऊक नसेल तर तो त्यांचा सरळ आकडा करतो, ६५,५३५, त्याला सोळाने भागतो आणि पडद्यावर ४०९५.९३७५ अंश लिहितो. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी डोक्याला हात लावून बसायच्या आधी हे आठवावं.

आता बोलण्याकडे वळू. हिला पाय तीन आहेत, एक जमिनीचा, एक विजेचा आणि मधला बोलण्याचा. बोलणं आणि ऐकणं दोन्ही त्या एकाच तारेवरून. ही तार ४.७ किलोओहमच्या रेझिस्टन्सने वर ओढून ठेवलेली असते. ज्याला काही म्हणायचंय त्याने ती क्षणभर खाली ओढायची. चिपकडून आकडा मागून घेणारा कंट्रोलर आधी किमान ४८० मायक्रोसेकंद तार खाली धरतो, म्हणजे 'कोणी आहे का' असं विचारतो. चिप थोडं थांबून तार खाली ओढते, 'आहे' म्हणते. मग एकेक बिट, साधारण ६० मायक्रोसेकंदांचा. तार लगेच सोडली तर एक, धरून ठेवली तर शून्य.

एकाच तारेवर वीस चिप लावल्या तर कोण बोलतंय ते कसं कळणार? प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच लेझरने कोरलेला ६४ बिटांचा क्रमांक असतो. त्यातले ४८ बिट त्या एकट्या चिपचे. म्हणजे २८१ लाख कोटींहून जास्त वेगळे क्रमांक. ते एकमेकांत न मिसळता वाचायची रीत म्हणजे शाळेतली हजेरीच आहे, पण नावं आधी माहीत नसलेल्या वर्गाची. कंट्रोलरने सांगितलं की सगळ्या चिप एकदम आपल्या क्रमांकाचा पहिला बिट म्हणतात, आणि पाठोपाठ त्याच्या उलटा. तार अशी की कोणी एकीनेही खाली ओढली तर ती खालीच दिसते. म्हणून वर्गात शून्यवाल्या आणि एकवाल्या दोन्ही असतील तर दोन्ही वेळा शून्य वाचलं जातं. मग कंट्रोलर म्हणतो, आधी शून्यवाल्या. एकवाल्या पुढच्या 'कोणी आहे का'पर्यंत गप्प बसतात. असं चौसष्ट वेळा झालं की एकीचा पूर्ण क्रमांक हाती येतो. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी मागे सोडलेल्या फांदीने. कोणाचाही क्रमांक आधी ठाऊक नसताना सगळा वर्ग मोजून होतो.

प्रत्येक आकड्यामागे चिप एक बाइटचा ताळा पाठवते. लहानपणी गुणाकार केल्यावर आपण नवाचा ताळा पाहायचो, त्याच जातीचा, पण जास्त कडक. वाटेत एक बिट पालटला तर हा ताळा हमखास पकडतो. आठ बिटांच्या आत सलग कितीही गडबड झाली तरी पकडतो.

पण ताळा जुळला म्हणजे आकडा खरा असं नाही, हे मी एका रात्री शिकलो. नाशिक जिल्ह्यातलं एक द्राक्षांचं शीतगृह, हंगाम ऐन भरात. रात्री अडीचला फोन आला. रखवालदार ओरडत होता, "साहेब, तीन नंबरची खोली पेटली!" पडद्यावर ८५ अंश होते. त्याने धावत जाऊन दार उघडलं, तर आतून नेहमीसारखी गार वाफ अंगावर आली. पेट्या जिथल्या तिथे. पडद्यावर मात्र ८५, नेमके ८५.००००, आणि ताळा चोख.

चूक माझी होती. ही चिप तिसऱ्या तारेशिवायही चालते. बांडगुळासारखी ती बोलण्याच्या तारेवरूनच वीज शोषते आणि आतल्या बारक्या कपॅसिटरमध्ये साठवते. लांबवर तार न्यायची होती, म्हणून तिसरी तार मी वाचवली होती. एरवी चिपला मायक्रोअँपिअरभरही करंट लागत नाही, पण तापमान मोजताना तिला दीड मिलिअँपिअरपर्यंत लागतो. ५ व्होल्टला ४.७ किलोओहमने भागा, फार तर एक मिलिअँपिअर येतो. मोजणीपुरता तो रेझिस्टन्स ओलांडून सरळ वीज द्यावी लागते. मी दिलीही होती, पण लांब तारेवर ती कशीबशी पुरत होती. त्या रात्री कॉम्प्रेसर सुरू होताना दाब खचला आणि मोजणी चालू असतानाच चिप मूर्च्छित झाली. शुद्धीवर आल्यावर तिच्या नोंदीत आपोआप जो आकडा असतो तो ८५. तिने तो इमानाने पाठवला. तो आकडा मोजलेला नव्हता, जागं झाल्याचा होता. दुसऱ्या दिवशी तिसरी तार ओढली. प्रोग्रॅममध्येही एक ओळ घातली: आधीचा आकडा जवळपास नसताना एकदम ८५ आले तर ते धरू नका, पुन्हा मोजा. रखवालदाराने त्या रात्री आकड्यावर विश्वास ठेवला तसं जाऊन दारही उघडून पाहिलं, याबद्दल मी त्याचा कायम ऋणी आहे.

आता मघाच्या वाक्याकडे येतो. चिपला फक्त स्वतःचं तापमान कळतं. उन्हात गच्चीवर ती ठेवून 'आज आमच्या गावात बावन्न अंश' असं सांगणारी मुलं मला दर उन्हाळ्यात भेटतात. चिप खरं बोलत असते. उन्हात तापलेलं काळं प्लास्टिक बावन्न अंशांवरच असतं. हवेचं तापमान हवं असेल तर ऊन अडवून वारा खेळता ठेवावा लागतो. हवामान खात्याची झिलमिळ्यांची पांढरी पेटी त्यासाठीच असते. ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने योजली. 'ट्रेझर आयलंड'चा लेखक आर. एल. स्टीव्हन्सन हा त्याचा मुलगा.

सर्किट बोर्डावर बसवलेल्या चिपचं दुखणं वेगळं. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, धातूचे पाय नेतात. त्यामुळे अशी चिप हवेपेक्षा बोर्डाच्या तांब्याचं तापमान जास्त सांगते. शेजारी व्होल्टेज रेग्युलेटर असेल तर त्याच्या उबेचंही. म्हणून प्रोसेसर बनवणाऱ्यांनी तापमान मोजणारा ट्रान्झिस्टर प्रोसेसरच्या पोटातच घडवला. तिथे जुळा जोड ठेवण्याऐवजी एकाच जोडातून आधी कमी आणि मग जास्त करंट सोडून फरक घेता येतो. तुमचा लॅपटॉप पंखा कधी फिरवायचा ते बऱ्याचदा यावरून ठरवतो.

द्राक्षांच्या कामात हे फार महत्त्वाचं. खोलीची हवा शून्याजवळ आली म्हणून पेटीच्या मधल्या घडातला मणी तिथे पोहोचला असं होत नाही, त्याला तास लागतात. हवेतली चिप 'झालं' म्हणते आणि मण्यात शेताची ऊब तशीच असते. म्हणून सुईसारखा प्रोब मण्याच्या गरात घालून बघतात. लसींच्या फ्रीजमध्ये याच्या उलट काळजी. २ ते ८ अंशांची मर्यादा आपल्याला ठाऊक असते, पण काही लसी उन्हाइतक्याच गोठण्यानेही निकामी होतात हे सहसा लक्षात राहत नाही. म्हणून खालची मर्यादाही तितकीच राखावी लागते. आपल्या चिपमध्ये वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा लिहून ठेवता येतात. नंतर अशी हजेरी घेता येते की मर्यादेबाहेर गेलेल्यांनीच बोलावं, बाकीच्यांनी गप्प राहावं. आपल्या देशात २०१५ पासून ई-विन नावाच्या व्यवस्थेत लसींच्या शीतसाखळीतल्या ठिकाणांची तापमानं डिजिटल सेन्सरवरून थेट नोंदली जातात. दुर्गम आरोग्य केंद्रातली परिचारिका मुलाला लस टोचते तेव्हा त्या कुपीने वाटेतल्या फ्रीजमध्ये काय सोसलं याची नोंद कुठेतरी आहे, हे मला या तंत्राचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

तर आता थर्मास. आतली चिप मी पोलादी नळीत बंद केली आहे आणि हातभर वायरही बर्फातच गुंडाळून ठेवली आहे, कारण तांब्याच्या तारेतून बाहेरची ऊब चिपपर्यंत झिरपते. शुद्ध पाण्याचा बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत आत शून्य अंश, याला कोणत्याही कंपनीची हमी लागत नाही. पडद्यावर बघा, ०.१८७५. शून्याच्या वर तीन आणे. मी बोलायला उभा राहिलो तेव्हाही तीनच होते, मध्ये एकदा दोन झाले. ही या चिपची खोड. वायरला चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर तिच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि 'वजा तीन आणे' असं मी लिहून ठेवलंय.

पिशवीत आणखी दहा चिप आहेत, नळीत बंद केलेल्या आणि पट्ट्या कोऱ्या असलेल्या. बर्फ अजून तासभर टिकेल. पेन कोणाकडे आहे?